कमी पैशांत डिले आणि रिव्हर्ब: आधी जिन्यात जाऊन टाळी वाजवा

गेल्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा मोबाइल घेऊन दारात उभा राहिला. "काका, हा घेऊ का?" मी अजून चाळिशीत पोचलेलो नाही, पण अकरावीतल्या मुलाला हे सांगून उपयोग नसतो. स्क्रीनवर साडेचौदा हजारांचं रिव्हर्ब पेडल होतं, म्हणजे गिटारच्या आवाजाला घुमारा देणारं, पायाने चालू-बंद करायचं खोकं. त्याच्याकडे आजीने आणि मामाने वाढदिवसाला दिलेले मिळून सात हजार होते, बाकीचे म्हणे हप्त्याने. कशाला हवाय असं विचारलं, तर म्हणाला, "माझा सोलो कोरडा वाटतो."

शब्द त्याने अचूक पकडला होता. गिटारवाले बिनइफेक्टच्या आवाजाला 'ड्राय'च म्हणतात. पण कोरडेपणा घालवायला रिव्हर्बच लागतो आणि तोही साडेचौदा हजारांचाच, हे त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. त्या संध्याकाळी आमचं जे बोलणं झालं, ते इथे जरा सविस्तर लिहितोय. ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहता, नुकती इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे आणि हातात पाच-दहा हजार आहेत, असं गृहीत धरलंय.

पहिली पायरी: जिना

पैसे खर्च करण्याआधी तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यात जा आणि एक टाळी वाजवा. टाळी संपल्यावरही मागे 'हूं' असा घुमारा राहतो आणि हळूहळू विरतो. भिंती, छत, पायऱ्या सगळीकडून आवाज परततो, पण इतक्या दाटीने की एकेक पडसाद वेगळा ऐकूच येत नाही. हा रिव्हर्ब.

आता येऊरला कधी गेलात तर कड्यासमोर लांब उभं राहून हाक मारा. थोड्या वेळाने तीच हाक परत येते, वेगळी, स्पष्ट. हा डिले. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे १७ मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला त्याला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. पेडलवर तुम्ही ४०० मिलिसेकंद लावता, तेव्हा जवळपास ६९ मीटरवर एक भिंत बांधता. पडसाद मोजता आले तर डिले, मोजता येईनासे झाले तर रिव्हर्ब. एवढं डोक्यात पक्कं बसलं की खोक्यावरची निम्मी भाषा आपोआप कळते.

दुसरी पायरी: घरात आधीच काय आहे?

हे कोणी बघत नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा छोटा मॉडेलिंग (वेगवेगळ्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारा) अ‍ॅम्प होता, त्यात डिले आणि रिव्हर्ब दोन्ही होते. अ‍ॅम्पवरच्या एका नॉबला सहा महिन्यांत त्याने हात लावला नव्हता, कारण त्यावर नुसतं 'एफएक्स' (म्हणजे इफेक्ट) लिहिलं होतं. बॉस कटाना, फेंडर मस्टँग एलटी या अ‍ॅम्पमध्ये हे इफेक्ट असतात. ब्लॅकस्टारच्या तळहाताएवढ्या फ्लाय ३ मध्येसुद्धा डिले आहे. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये असेल तर महिनाभर तोच वापरा. फुकट शाळा आहे ती.

अ‍ॅम्पमध्ये नसेल आणि घरी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार संगणकाला जोडायचं खोकं, असेल तर संगणकावर ऐका. वलहाला कंपनीचं सुपरमॅसिव्ह हे डिले-रिव्हर्बचं प्लगिन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा इफेक्ट) पूर्ण फुकट आहे. आयफोन असेल तर गॅरेजबँडमध्ये अ‍ॅम्प आणि पेडलं दोन्ही मिळतात. स्प्रिंग, हॉल, टेप, अ‍ॅनालॉग असे जे प्रकार मिळतील ते (कशाला काय म्हणतात ते पुढे येईलच) आठवडाभर वाजवून बघा आणि परत परत कशावर हात जातो ते बघा. यूट्यूबवरच्या डेमोवरून ठरवू नका. त्या माणसाचा हात, गिटार, अ‍ॅम्प आणि माइक सगळंच वेगळं असतं.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुम्ही नेमके वाजवता कुठे? बहुतेक जण रात्री साडेनऊनंतर, जेवणं झाल्यावर, हेडफोन लावून वाजवतात. शेजारच्या आजी झोपलेल्या असतात. आता साधं डिले किंवा रिव्हर्ब पेडल हेडफोन वाजवू शकत नाही. ते गिटार आणि अ‍ॅम्प यांच्या मधलं खोकं आहे, त्याला पुढे अ‍ॅम्प लागतोच. पेडलातून थेट मिक्सरला किंवा होम थिएटरला जोडलं तर आवाज डासासारखा पातळ आणि किनरा येतो, कारण गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर वरच्या पट्टीतला जो कर्कशपणा गिळतो, तो गिळायला तिथे कोणी नसतं. अ‍ॅम्प नाही आणि हेडफोनवरच वाजवायचं आहे, तर हा लेख सहाव्या पायरीतल्या 'हेडफोनवाल्यांसाठी' या परिच्छेदापर्यंत पटकन चाळा. तुमचं उत्तर तिथे आहे.

तिसरी पायरी: दोघांपैकी एकच घ्यायचा तर?

डिले. मी नेहमी हेच सांगतो आणि यावर माझे मित्र माझ्याशी भांडतात.

माझं म्हणणं असं. रिव्हर्ब म्हणजे जागा. आणि जागा तर तुम्ही जिथे वाजवता तिथे असतेच. आपल्याकडची वाजवायची ठिकाणं आठवा: सोसायटीचा क्लब हाउस, कॉलेजचा हॉल, मंगल कार्यालय. सगळीकडे फरशी, काच, सिमेंट. पडदे नाहीत, गालिचे नाहीत. तिथे घुमण्याची कमतरता कधीच नसते.

दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गणपतीत आम्ही वाजवत होतो. मंडप बाहेर घालायचा होता, पण पाऊस थांबेना, म्हणून स्टेज पोडियमच्या पार्किंगमध्ये हलवलं. डोक्यावर सिमेंटचं बुटकं छत, तिन्ही बाजूंना खांब. मी घरच्याच सवयीने हॉल रिव्हर्ब अर्ध्यावर ठेवलेला. घरी काय गोड वाटायचा! सोलो सुरू झाला आणि आठ मात्रांच्या आत बासवाल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काय वाजवतोय ते मलाच कळेना. मागचा सूर विरायच्या आत पुढचा त्यावर, त्यावर आणखी एक, नुसती खिचडी. साउंडवाला मधूनच स्टेजजवळ आला आणि म्हणाला, "दादा, ते काय लावलंय ते बंद करा, बाकी मी बघतो." पाय मारून बंद केला आणि गिटार लगेच पुढे आली. पार्किंगनेच पुरेसा रिव्हर्ब दिला होता. त्या रात्री मी फक्त डिले वापरला, तोही दोन पडसादांचा.

दुसरं, डिलेला थोडंफार रिव्हर्बचं सोंग घेता येतं. वेळ ७०-८० मिलिसेकंदांवर आणा, पडसाद तीन-चार ठेवा आणि मिक्स, म्हणजे पडसादाचा मोठेपणा, अगदी कमी. खोलीत वाजवल्यासारखं वाटतं. उलट रिव्हर्बला डिले होता येत नाही.

आता अपवाद. तुम्ही डिस्टॉर्शन (आवाज फाडून खरखरीत करणारा इफेक्ट) फारसं वापरत नाही, स्वच्छ आवाजात संथ कॉर्ड वाजवता, एकटेच घरी बसून धुक्यासारखं काहीतरी वाजवत तास काढता, आणि तुमचा अ‍ॅम्प ठार कोरडा आहे, तर खुशाल आधी रिव्हर्ब घ्या. सर्फ गिटार, म्हणजे साठच्या दशकातल्या अमेरिकी किनाऱ्यावरच्या ढंगाची गिटार, वाजवायची असेल तर स्प्रिंग रिव्हर्बशिवाय गत्यंतर नाही.

चौथी पायरी: डिले कोणता?

तीन घराणी आहेत. जुनं घराणं टेपचं: आवाज चुंबकीय फितीवर टिपायचा आणि पुढच्या हेडवर वाजवायचा. एकोप्लेक्स १९५९ च्या सुमारास आलं, रोलँडचा स्पेस एको आरई-२०१ हा १९७४ चा. फीत झिजते, किंचित डुलते, म्हणून पडसादही किंचित डुलतो. आज 'टेप' लिहिलेली स्वस्त पेडलं ही त्या डुलण्याची डिजिटल नक्कल असते. नक्कल बऱ्याचदा छान असते.

दुसरं अ‍ॅनालॉग. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत 'बकेट ब्रिगेड' चिप निघाली. नावाप्रमाणेच काम: आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात, तसा विद्युतभार एका कप्प्यातून पुढच्या कप्प्यात ढकलत न्यायचा. प्रत्येक बादलीतून थोडं पाणी सांडतंच. म्हणून पडसाद जरा मऊ, काळपट, वरची धार गेलेला येतो. हाच दोष लोकांना आवडतो, कारण मूळ सुराच्या पायात तो येत नाही. वेळ मात्र कमी, साधारण ३०० मिलिसेकंदांच्या आसपास.

तिसरं डिजिटल. बॉसचं डीडी-२ हे १९८३ मध्ये आलं आणि डिजिटल डिले पायाखालच्या छोट्या खोक्यात बसला. वेळ भरपूर, पडसाद हुबेहूब.

आता एक बाजारातली गंमत. स्वस्त पेडलांवर ठळक 'अ‍ॅनालॉग डिले' लिहिलेलं असतं आणि आत पुष्कळदा पीटी २३९९ नावाची चिप असते. मुळात ती कॅरिओकी यंत्रांतल्या एकोसाठी बनलेली, आणि आत चक्क डिजिटल. तिचा पडसाद मऊ येतो म्हणून अ‍ॅनालॉगच्या नावाखाली खपते. ती वाईट नाही, माझ्याकडे तसलं एक पेडल आहे आणि ते मी विकणार नाही. फक्त वेळ ३५० मिलिसेकंदांच्या पुढे नेलात की पडसादात खरखर आणि सुरसुर वाढते. दुकानात वाजवताना वेळेचा नॉब पूर्ण उजवीकडे नेऊन ऐका. तिथेच तिची परीक्षा असते.

नवशिक्याला लागतात ते नॉब तीन: टाइम, म्हणजे पडसाद किती वेळाने, रिपीट किंवा फीडबॅक, म्हणजे किती वेळा, आणि मिक्स किंवा लेव्हल, म्हणजे किती मोठ्याने. रिपीट पूर्ण फिरवला तर बऱ्याच पेडलांत पडसाद संपतच नाहीत, उलट चढत जाऊन भोंगा वाजतो. घाबरू नका, बिघडलेलं नाही, नॉब मागे घ्या. हेडफोनवर मात्र हा प्रयोग आवाज कमी करूनच करा.

बँडमध्ये वाजवायचं असेल तर टॅप टेम्पोसाठी थोडे जास्त पैसे द्यावेत. पायाने तालात दोन-तीनदा दाबलं की वेळ गाण्याला जुळतो. घरी एकट्याने वाजवायला त्याची गरज नाही. स्टिरिओ, लूपर, शंभर प्रीसेट वगैरे सध्या सोडा.

पाऊण मात्रेचा हिशोब

हे थोडं रेंगाळून सांगतो, कारण इथेच डिले नुसता पडसाद न राहता वाद्य होतो.

मेट्रोनोमवर गाण्याची गती किती, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते बघा. ६०,००० ला त्या आकड्याने भागा. आलेलं उत्तर म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. १२० ची गती असेल तर ५००, १०० ची असेल तर ६००, ९० ची असेल तर सुमारे ६६७. डिले तेवढ्यावर लावला की पडसाद बरोबर पुढच्या मात्रेवर पडतो. छान वाटतं, पण जरा सरळसोट.

आता त्याचे पाऊणपट करा. १२० च्या गतीला ३७५, १०० ला ४५०. इंग्रजी पुस्तकांत याला लांबलचक नाव आहे, आपल्याला 'पाऊण मात्रा' पुरे. तुम्ही अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे साधे सूर वाजवायचे आणि पडसाद त्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात. हात वाजवतो आठ सूर, कान ऐकतो सोळा. यू२ बँडचा गिटारवादक द एज यासाठीच ओळखला जातो. १५ डिसेंबर २०१९ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ते वाजवून गेले, भारतातला त्यांचा पहिला कार्यक्रम. तिथे असलेल्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. सुरुवातीच्या काळात द एजकडेही एक मेमरी मॅन एको पेडल होतं, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं, आणि बाकी सगळी कमाल हाताच्या शिस्तीची. उजवा हात लयीत जरा डळमळला की पाऊण मात्रेचा डिले चार लोकांत चुगली करतो. मेट्रोनोमवर दहा मिनिटं नुसता एक कॉर्ड कापत बसा, मगच गाण्याला हात घाला.

सोलोसाठी मी इतकं मोजत नाही. ३५०-४०० च्या आसपास, दोन-तीन पडसाद, मिक्सचा नॉब घड्याळात नऊ-साडेनऊ वाजल्यासारखा. जुन्या रॉक अँड रोलच्या चटपटीत आवाजाला १०० च्या आसपास आणि पडसाद एकच.

पाचवी पायरी: रिव्हर्ब, थोडक्यात

रूम, हॉल, स्प्रिंग, प्लेट, शिमर. पहिले दोन नावावरूनच कळतात. स्प्रिंग म्हणजे खरोखरच्या स्प्रिंगमधून आवाज पाठवायचा. ती युक्ती हॅमंड ऑर्गनमधून आली आणि फेंडरने १९६१ मध्ये ती गिटारवाल्यांसाठी वेगळ्या खोक्यात विकायला काढली. प्लेट म्हणजे पोलादी पत्रा थरथरवायचा. १९५७ चा जर्मन ईएमटी १४० पाव टनाहून जड होता, आज तो तुम्हाला एका नॉबवर मिळतो. शिमरमध्ये घुमाऱ्यात वरच्या सप्तकाचा सूर मिसळतो. पहिले पंधरा दिवस माणूस त्याच्या प्रेमात असतो, मग सहसा तो नॉब परत तिकडे वळत नाही.

घेताना प्लेट किंवा स्प्रिंग आणि एक बरा रूम एवढं असलं तरी पुरे. डिके, म्हणजे घुमारा किती लांबणार, आणि मिक्स हे दोन वेगळे नॉब असलेच पाहिजेत. टोनचा नॉब असेल तर उत्तम, कारण स्वस्त रिव्हर्बचा घुमारा बहुधा पत्र्यासारखा खणखणतो आणि टोन उतरवला की तो माणसात येतो.

सहावी पायरी: पैशांची वाटणी

भाव हलत असतात, म्हणून आकडे ढोबळ समजा. तीन ते पाच हजारांत बेहरिंगर, जॉयो, डॉनर यांची साधी पेडलं येतात. बेहरिंगरचं खोकं प्लास्टिकचं आहे, त्यावर लोक हसतात. घरात वाजवायला काही बिघडत नाही, पण स्टेजवर बूट घालून दणकन पाय देणाऱ्यांनी टाळावं. त्यांचं व्हीडी४०० हे त्या भावातही खऱ्या अर्थाने अ‍ॅनालॉग डिले आहे. त्यावरच्या टप्प्यात एनयूएक्स, मूअर, टीसी इलेक्ट्रॉनिक. एनयूएक्सच्या अटलांटिकसारख्या पेडलात डिले आणि रिव्हर्ब दोन्ही एकाच खोक्यात मिळतात. एक अ‍ॅडॅप्टर, एक पॅचकेबल (दोन पेडलं जोडायची छोटी वायर) वाचते, हे हिशोबात धरा. त्याच्या वर बॉस. मजबुतीला तोड नाही आणि जुना झाला तरी विकला जातो, पण पहिल्या पेडलासाठी कर्ज काढण्याइतका फरक तुमच्या कानाला आज कळणार नाही.

हेडफोनवाल्यांसाठी: सहा-सात हजारांच्या आसपास दोन वेगळी पेडलं घेण्यापेक्षा झूमच्या जी१ फोरसारखा छोटा मल्टी-इफेक्ट घ्या. डिले, रिव्हर्ब, अ‍ॅम्पचे आवाज, ट्यूनर, तालाचे नमुने, सगळं त्यात आहे, हेडफोन लागतो, चार पेन्सिल सेलवरही चालतो. 'खरं पेडल' नाही म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांना रात्री अकरा वाजता तुमच्या घरी सराव करायचा नसतो. याचा तोटा एकच: मेनूत शिरून आवाज शोधण्यात संध्याकाळ जाते आणि गिटार मांडीवर तशीच राहते. तीन आवाज साठवा आणि बाकीचे विसरा.

सातवी पायरी: अ‍ॅडॅप्टर, आणि माझं शहाणपण

पेडलाच्या बजेटमधून अ‍ॅडॅप्टरचे पैसे आधी बाजूला काढा. बऱ्याच पेडलांसोबत तो येत नाही, आणि छोट्या पेडलांत बॅटरीला जागाच नसते.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी, सेंटर निगेटिव्ह लागतो. म्हणजे पिनच्या मधल्या भोकात उणे आणि बाहेरच्या कड्यावर अधिक. पेडलावर आणि अ‍ॅडॅप्टरवर एक छोटी आकृती छापलेली असते: मध्ये ठिपका, भोवती अर्धवट गोल, दोन बाजूंना अधिक-उणेच्या खुणा. ठिपक्याला जोडलेली रेघ उण्याकडे गेली पाहिजे. गाण्यांच्या कीबोर्डचे पुष्कळ अ‍ॅडॅप्टर याच्या नेमके उलटे असतात आणि १२ व्होल्टचे असतात, पण पिन मात्र चपखल बसते.

हे मला कसं माहीत? एकदा तालमीला अ‍ॅडॅप्टर विसरलो आणि कीबोर्डवाल्याचा लावला. पेडलचा लाल दिवा एकदाच लुकलुकला आणि जळक्या माशासारखा वास आला. शाकाहारी ड्रमरने आधी खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने मागचे चार स्क्रू काढले, भिंग लावलं आणि तांदळाएवढा काळा तुकडा चिमट्यात धरून दाखवला. "साहेब, या डायोडने जीव दिला म्हणून बाकीचं वाचलं." प्रत्येक पेडलात असा डायोड असतोच असं नाही.

व्होल्ट तेवढेच हवेत, मिलिअँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात. पेडल लागेल तेवढेच ओढतं. साधा अ‍ॅनालॉग डिले दहा-वीस-तीसात भागवतो, डिजिटल डिले-रिव्हर्बना शंभराच्या आसपास किंवा जास्त लागतात. एकाच अ‍ॅडॅप्टरवरून माळेसारखी वायर नेऊन चार पेडलं जोडता येतात, पण त्यात डिजिटल पेडल आणि डिस्टॉर्शन एकत्र आले की बारीक शिट्टीसारखा आवाज शिरतो. तसं झालं तर पेडलाला दोष देऊ नका. डिजिटलला वेगळा अ‍ॅडॅप्टर लावून बघा, बहुतेक वेळा शिट्टी जाते. पुढेमागे चार-पाच पेडलं झाली की आयसोलेटेड पॉवर सप्लाय, म्हणजे प्रत्येक पेडलाला स्वतंत्र वीज देणारा, घ्या.

जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसतं. तारांवर बोट ठेवलं की गुणगुण बदलते, कधी मुंग्या येतात. मुंग्या आल्या तर वाजवणं थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. थ्री-पिनची जाड पिन कापून टू-पिनमध्ये घुसवण्याचा उद्योग कोणी कितीही सहज केला तरी तुम्ही करू नका.

आठवी पायरी: घ्यायचं कुठून

नवं घ्यायचं तर एकदा तरी स्वतः वाजवून घ्या. ठाण्याहून किंवा वाशीहून सीएसएमटीला उतरून धोबी तलावाला चालत जाता येतं. १८६५ मध्ये सुरू झालेलं फुर्ताडोज हे वाद्यांचं दुकान तिथे आहे. बांद्र्याला भार्गवाज आहे. दुकानात स्वतःची गिटार न्या. संकोच वाटतो, पण न्याच. त्यांची गिटार आणि मोठा अ‍ॅम्प यांवर कुठलंही पेडल चांगलंच वाजतं. तुमच्या घरच्यासारखा छोटा अ‍ॅम्प मागा, आवाज घरच्याइतका ठेवा आणि तुम्हाला येणारं एकच गाणं तीन पेडलांवर वाजवा. दुकानदार घाईत असेल तर मंगळवार-बुधवारची दुपार निवडा. ऑनलाइन घेतलंत तर परत करायची मुदत बघा आणि परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च धरून भाव काढा. स्वस्त म्हणून मागवलेलं पेडल दारात येईपर्यंत महाग झालेलं मी पाहिलंय.

सेकंडहँड हा माझा आवडता रस्ता. डिले-रिव्हर्ब लोक हौसेने घेतात आणि वर्षात विकतात. फक्त ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून पैसे देऊन पेडल घेऊ नका. तासाच्या भाड्याने जॅमरूम मिळतात, अर्धा खर्च विकणाऱ्याने करायचा असं ठरवा आणि तिथे भेटा. स्वतःची केबल आणि स्वतःचा अ‍ॅडॅप्टर न्या. नॉब हळू फिरवून खरखर ऐका. जॅकमध्ये केबल हलवून आवाज तुटतो का बघा. फूटस्विच वीस वेळा दाबा, दोनदा लागल्यासारखा होत असेल तर तो जायला आलाय. बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवी बुरशी आहे का बघा. मागच्या स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर कोणी तरी आत शिरलेलं आहे. शिरलेलं असणं गुन्हा नाही, पण विचारा आणि भाव पाडा.

वरच्या मजल्यावरच्या मुलाला ऐरोलीतल्या एका माणसाकडे डिजिटल डिले निम्म्या भावात मिळाला. उरलेल्या पैशांत अ‍ॅडॅप्टर, दोन पॅचकेबल आणि तारांचा एक संच.

नववी पायरी: जोडणी आणि पहिली संध्याकाळ

क्रम असा: गिटार, ट्यूनर, वाह असेल तर वाह, ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन, कोरस वगैरे, मग डिले, शेवटी रिव्हर्ब, मग अ‍ॅम्प. डिस्टॉर्शन हे लहान आवाज मोठे करून सगळ्यांना एका उंचीवर आणतं. डिले त्याच्या आधी लावला तर विरत जाणारे पडसादही मूळ सुराइतकेच दणदणीत होतात आणि सगळं एकमेकांवर आदळतं. मुद्दाम तसं वाजवणारेही आहेत, पण आधी सरळ क्रम शिका.

अडचण येते ती अ‍ॅम्पचंच डिस्टॉर्शन वापरणाऱ्यांना, कारण पेडल अ‍ॅम्पच्या आधी असलं की डिलेही डिस्टॉर्शनच्या आधीच झाला. मोठ्या अ‍ॅम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक असतात. सेंडमधून पेडलात, पेडलातून रिटर्नमध्ये. छोट्या सरावाच्या अ‍ॅम्पला हे सहसा नसतं. मग अ‍ॅम्प स्वच्छ ठेवा आणि डिस्टॉर्शन पेडलातून घ्या.

पहिल्या संध्याकाळी मिक्स शून्यावर ठेवून वाजवायला सुरुवात करा आणि इफेक्ट ऐकू यायला लागेपर्यंत हळूहळू वाढवा, मग थोडा मागे घ्या. एकट्याने वाजवताना जो आवाज गोड वाटतो, तो बँडमध्ये जवळपास नेहमी जास्त होतो. तालमीला जाताना मिक्स आणि डिके दोन्ही थोडे उतरवूनच न्या. जमलेल्या जागी नॉबशेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून पेन्सिलने रेघ मारा. बॅगेत नॉब फिरतात आणि स्टेजवर अंधार असतो.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच पाणी असतं, जॅक काळे पडतात आणि ऐन वेळी आवाज तुटतो. पेडलं डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आठवड्यातून एकदा बाहेर काढून वाजवा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा महिन्यातून एकदा, पॉवर काढून ठेवलेली असताना. बुटांच्या खोक्यांतल्या पुड्या फेकू नका, त्याच इथे चालतात.